चौथा साहेब आणि अठरा पैलवान

कंपनीचा वरचा साहेब बदलला की आमच्या सांबऱ्याच्या ऑफिसात सगळ्यात आधी सुतळीचा शोध सुरू व्हायचा.

वरचा साहेब म्हणजे आमच्या अख्ख्या विमान कंपनीचा मुख्य, सीईओ. त्याला आम्ही कुणी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. नवा आला की त्याची फ्रेम केलेली तसबीर कुरिअरनं यायची, आणि सोबत हुकूम, की दर्शनी जागी लावा. आमचे आप्पा, म्हणजे बेळगावच्या सांबरा विमानतळावरचे कंपनीचे स्टेशन मॅनेजर, ती कधी खिळ्याला लावत नसत. खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधायचे, आणि गाठ अशी मारायचे की एक टोक ओढलं की सुटावी. मी नवी होते तेव्हा विचारलं, "आप्पा, खिळा का नाही मारत?"

"खिळा मारला की भिंतीला भोक पडतंय गं. साहेब जातोय, भोक ऱ्हातंय."

मी लागले तेव्हा गजाला पहिला साहेब होता. त्यानंतर तीन तसबिरी माझ्यादेखत चढल्या. उतरणाऱ्या तसबिरी आप्पा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर ठेवायचे. फेकायचे नाहीत. "परत आला तर?" म्हणायचे. साहेब परत येत नसतात हे त्यांनाही ठाऊक होतं, पण भ्यायचं म्हटलं की आप्पा काही शिल्लक ठेवत नसत.

त्यांना 'सर' म्हटलेलं चालायचं नाही. "सर शाळंत. मी आप्पा." गळ्यापर्यंत लावलेलं शर्टाचं बटण, खांद्यावर कंपनीच्या नियमात न बसणारा पंचा, आणि अंगानं इतके वाळके की वाऱ्यानं धावपट्टीवर जातील. गाव सांबराच. वडिलांच्या रानाचा निम्मा तुकडा विमानतळात गेलेला आणि उरलेली पट्टी थेट कुंपणाच्या भिंतीला टेकलेली. मला म्हणाले होते, "आमच्या आज्ज्यानं जिथं भुईमूग काढला तिथं आता विमान वळतंय. मग मी बी हितंच चिकटलो. जमिनीवर ध्यान ठेवायला कुणीतरी पायजे न्हवं?"

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती, खोकला तिथलाच. आमच्या घरात गळ्यात ओळखपत्र अडकवून कामाला जाणारी मी पहिली. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा हातात धरून मी आप्पांच्या टेबलासमोर उभी राहिले, तर या माणसानं मला पायापासून डोक्यापर्यंत निरखून बघितलं. आणि म्हणाले, "सत्तेचाळीस. डबा धरून."

मला असा राग आला म्हणता! कुणी मोठा माणूस पोरीकडं असं बघतो का? मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मागं उभ्या असलेल्या शिपायाकडं मान वळवली. "ह्यो एकसष्ट. परवा बासष्ट हुता, जुलाब लागल्यात त्याला." शिपाई ओशाळून हसला. मग मला सामानाच्या काट्यावर उभं केलं. काट्यानं सत्तेचाळीस दाखवले. डब्यासकट.

तेव्हा कळलं की आप्पांना माणसं दिसायचीच वजनात. हे ते आज्ज्याबरोबर बकऱ्यांच्या बाजारात शिकलेले. बकरं न उचलता, नुसतं चालताना बघून, त्याचं वजन सांगायचं आणि मग काट्यावर घालून बघायचं. आज्ज्याचा अंदाज अर्ध्या किलोच्या पुढं चुकत नसे म्हणे. आप्पांचा माणसात दोन किलोच्या पुढं चुकलेला मी बघितला नाही.

आणि आमच्या धंद्यात ही गंमत नव्हती, हे मला त्यांनीच शिकवलं. बेळगावला येणारं आमचं विमान पंख्याचं, लहान. त्यात किती वजन चढलं आणि कुठल्या रांगेत किती बसलं, याचा कागद काढावा लागतो. त्याला लोडशीट म्हणतात. ती कॅप्टनच्या हातात पडल्याशिवाय विमान हलत नाही. प्रत्येक प्रवाशाला कुणी काट्यावर चढवत नाही. कंपनी प्रत्येक मोठ्या माणसाला सरसकट पंचाहत्तर किलो धरते, कॉम्प्युटर बेरीज करतो, कागद निघतो. नेहमी ते जमतं, कारण एक जाड असला तर शेजारचा बारीक असतो.

"कंपनीचा माणूस पंचाहत्तर," आप्पा म्हणायचे. "माझा माणूस जेवढा दिसतोय तेवढा. कॉम्प्युटरला डोळं न्हाईत पोरी. तुला हायत. तू काउंटरवर मान खाली घालून बसू नगंस, येणाऱ्या माणसाकडं बघ."

त्यामुळं चेक-इन सुरू झालं की आप्पा काउंटरच्या मागं उभे राहून ओठांतल्या ओठांत पुटपुटत असायचे. लांबून वाटावं जप चाललाय. अठ्ठावन्न, एक्क्याऐंशी, लेकरू चौदा, म्हातारी एकोणचाळीस.

हा माणूस जन्मात विमानात बसला नव्हता. तीस वर्षं त्याच धंद्यात, फुकटचं तिकीट मिळत असून नाही. वरच्या ऑफिसात मिटिंगला बोलावलं की दोन दिवस आधी निघून रेल्वेनं जायचे. कुणी छेडलं तर म्हणायचे, "मला वजन कळतंय, म्हणून बसत न्हाई. तुमाला कळत न्हाई, तुमी बसा." आमच्यापैकी कुणी प्रवाशाला 'हॅपी जर्नी' म्हटलं की डोळे वटारायचे. "आधी पोचू दे. मग म्हणा." विमान सुटताना ते कुंपणाजवळ जाऊन उभे राहायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, चहा विचारायचा नाही. विमान वर जाऊन ठिपका झालं की पंच्यानं तोंड पुसायचे आणि एकच शब्द बोलायचे. "गेलं." मग चहा.

विमानाला असा भिणारा माणूस साहेबांना भीत नसेल असं कुणाला वाटेल. छे! साहेबांना तर इतके भ्यायचे की बघणाऱ्याला लाज वाटावी. वरून फोन आला की खुर्चीतून उठून, बटण चाचपून, 'येस सर' सुरू. फोनवर कुणी बघत नाही, पण हे उभेच. फोन ठेवला की नळावर जाऊन तोंड धुवायचे. एकदा फोनवर समोरचा बाप्या नव्हताच, ध्वनिमुद्रित आवाज होता कसला तरी, तरी दोन वेळा 'येस सर' म्हणून झालं होतं. आम्ही हसून हसून पडलो. ते नाही हसले.

साहेब बदलल्याचं पत्र सगळ्या कंपनीला एकाच वेळी यायचं. आप्पा ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे, कारण इंग्रजी माझं बरं, आणि स्वतः हाताच्या पेरांवर मोजायचे. काय, तर 'फॅमिली' शब्द किती वेळा आला ते. "जितक्या वेळा कुटुंब म्हणतोय तितकी माणसं घरी जाणार. लिहून ठेव." पहिला साहेब वैमानिकातून वर गेलेला, त्याच्या पत्रात एकदाच. दुसरा बँकेतून आलेला, चार वेळा. त्या वर्षी आमच्या स्टेशनवरचे दोन हमाल आणि एक ऑपरेटर कमी झाला. तिसरा हॉटेलाच्या धंद्यातला. त्याच्या पत्रात सहा. तो आला तसा वर्ष व्हायच्या आत गेला, पण जाईपर्यंत शेजारची दोन लहान स्टेशनं बंद करून गेला. त्या दिवसांत मी सकाळी उठले की आधी फोन बघायची. आईला औषध, घराचा हप्ता, सगळं माझ्यावर. स्टेशन बंद झालं तर मला कुठं टाकतील, का टाकतीलच नाहीत, या विचारानं घास गिळवत नसे.

मग चौथा आला. त्याचं पत्र मी वाचायला लागले. आप्पांची एका हाताची पेरं संपली आणि त्यांनी दुसरा हात वर काढला. चौदा वेळा.

"चौदा," आप्पा म्हणाले. "हितं तर आमी आठच हाय."

चौथ्या साहेबाला घड्याळाचं वेड होतं. त्याचा पहिलाच हुकूम, की विमान ठरल्या मिनिटाला सुटलं पाहिजे. जी लहान स्टेशनं विमानं लटकवतील त्यांचा 'पुनर्विचार' होईल. उशीर झाला तर कारण लेखी, आणि कारणापुढं जबाबदार माणसाचं नाव. हुकमाबरोबर तसबीर आली. आप्पांनी सुतळी घेतली, पण गाठ बसेना. शेवटी मी बांधली. "सरकगाठच मार," एवढंच म्हणाले. त्या महिन्यात आप्पा चालायचेसुद्धा घड्याळाकडं बघत. विमानाचं दार लावायची वेळ झाली की स्वतः जिन्याजवळ उभे राहून प्रवाशांना "चला, चला" करायचे. सव्वीस दिवस आमचं एकही विमान एक मिनिट उशिरा सुटलं नाही.

सत्ताविसाव्या दिवशी पैलवान आले.

बेळगावात मोठं मैदान झालं होतं कुस्त्यांचं. ते उरकून अठरा पैलवान आणि त्यांचे वस्ताद असे एका तिकिटावर परत निघालेले. ऐन उन्हाळ्याची दुपार. दार ढकलून ते एकेक आत यायला लागले तशी आमची खोली लहान लहान होत गेली. एकाच्या खांद्यावर चांदीची गदा होती, तीही हातातलं सामान म्हणून. ती पोटातच जाईल, म्हणजे विमानाच्या, हे समजवण्यात दहा मिनिटं गेली. मी मान खाली घालून बोर्डिंग पास काढत होते. जथा एकत्र पाहिजे म्हणून कॉम्प्युटरनं सगळ्यांना मागच्या रांगा दिल्या. कॉम्प्युटरनं बेरीज केली. मर्यादेत. मी लोडशीट काढायला बटण दाबणार, तोच मागून आप्पांचं पुटपुटणं थांबलं.

"थांब," ते म्हणाले.

मी वळून बघितलं. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एकशे आठ, एकशे सोळा, एकशे चार, एकशे एकवीस... पोरी, ह्यातला कंपनीचा माणूस एक बी न्हाई."

"आप्पा, कागदावर बसतंय सगळं."

"कागदावर बसतंय. पर कागद उडत न्हाई."

मला नियम ठाऊक होता. त्यांनीच पाठ करून घेतला होता. एखादा जथा उघड उघड जास्त वजनाचा दिसत असेल तर सरसकट आकडा धरायचा नाही, खरं वजन घ्यायचं. पुस्तकात आहे. पण पुस्तक कपाटात होतं, आणि चौथा साहेब गजाला.

"तेवीस मिनिटं हायत फक्त," मी म्हणाले. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. "आप्पा, आजच्या दिवस जाऊ द्या. नोकरी जाईल."

त्यांनी एकदा तसबिरीकडं बघितलं. हात आपोआप गळ्याच्या बटणाकडं गेला. मग वस्तादांच्या समोर जाऊन त्यांनी हात जोडले.

"वस्ताद, पोरास्नी काट्यावर चढवावं लागंल."

वस्ताद भडकले. "अवो, आमची वजनं मैदानात हुत्यात! हितं काय बाजार लागलाय?"

"मैदानात पडला तर पाठ लागती वस्ताद," आप्पा म्हणाले. "वर पडायला जागा न्हाई."

वस्तादांनी त्यांच्याकडं टक लावून बघितलं. मग वळून गरजले, "चढा रं!"

आणि काय सांगू! शंभर-शंभर जोर मारणारे ते गडी सामानाच्या त्या काट्याला बघून मागं सरकायला लागले. पैलवान कुणाला भीत नाही, पण वजनाच्या काट्याला भितो, हे मला त्या दिवशी कळलं. एकानं बूट काढले, पट्टा काढला, हातातलं कडं काढलं, श्वास आत ओढून उभा राहिला. आकडा आला नव्व्याण्णव.

"आरं गाढवा!" वस्ताद ओरडले. "मला ब्याण्णव सांगितलं हुतंस न्हवं? पुढच्या आठवड्यात ब्याण्णवच्या गटात लढायचंय तुला!"

"वस्ताद, सकाळी केळी खाल्लीत..."

"सात किलो केळी?"

बाकीचे प्रवासी हसत होते. मी हसत नव्हते. मी आप्पांनी सांगितलेले आकडे कागदावर उतरवत होते आणि घड्याळ बघत होते. वेळ टळली. वरून फोन वाजायला लागला. आप्पांनी तो उचलला, उभेच होते, आणि 'येस सर' म्हणाले. मग म्हणाले, "नो सर. वजन चाललंय." आणि ठेवून दिला. त्यांना कुणाला 'नो सर' म्हणताना मी त्या आधी ऐकलं नव्हतं. फोन पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. आप्पांच्या कपाळावरून घाम टपटप गळत होता, पंचा खांद्यावर असून पुसायचं भान नव्हतं.

बेरीज झाली. कॉम्प्युटरनं धरलं होतं त्यापेक्षा सहाशे किलोच्या वर जास्त, आणि सगळं मागं. म्हणजे शेपटाला एक रेडा बांधून विमान उडवायचं, तेही भर उन्हात, जेव्हा हवा पातळ असते आणि पंख्याच्या विमानाला एरवीच उठायला जड जातं. आप्पांनी मालाच्या पेट्या उतरवल्या, कुंद्याच्या मिठाईची खोकी उतरवली, पैलवानांना मधल्या रांगांत पसरून बसवलं. कॅप्टन पोरगेला होता. तो खाली आला, नवा कागद बघितला, जुना बघितला. नुसता आप्पांचा हात हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. पण त्यानंही वर काही कळवलं नाही. त्यालाही साहेब होताच.

विमान बावन्न मिनिटं उशिरा सुटलं. आप्पा कुंपणाजवळ उभे राहिले. ठिपका झाल्यावर "गेलं" म्हणाले आणि तिथंच, फरशीवर, भिंतीला टेकून बसले. मी चहा नेऊन दिला.

"लई भ्यालो गं," म्हणाले. "साहेबाला बी, आन् त्याला बी." त्याला म्हणजे विमानाला.

दुसऱ्या दिवशी विभागीय ऑफिसातून फोन आला. आप्पांना नव्हे, मला. बोलणारे साहेब फार गोड, शुद्ध मराठीत बोलत होते. म्हणाले, "तुम्ही तिथे हजर होता. तुमच्या शब्दांत अहवाल द्या. निर्णय एकट्यांचा होता का, आणि कॉम्प्युटरप्रमाणे विमान मर्यादेत होतं का, एवढंच लिहा. फार लांबवू नका." आणि शेवटी म्हणाले, "स्टेशन चालू ठेवायचं की नाही ते अजून ठरायचं आहे. ठेवलं, तर तुम्हाला सांभाळता येईल ना?"

मी त्या रात्रभर जागी होते वगैरे काही नाही. दुपारीच लिहिलं, डबा खायच्या आधी. दोन वाक्यं. प्रवाशांचं वजन करण्याचा निर्णय स्टेशन मॅनेजरांनी एकट्यांनी घेतला. प्रमाणित वजनानुसार विमान मर्यादेत होतं. दोन्ही वाक्यं खरी. कुणी देवापुढं उभं करून विचारलं असतं तरी खरीच. तिसरं वाक्य, की खरं वजन सहाशे किलो जास्त भरलं आणि नियमाप्रमाणे ते घेणं भागच होतं, ते मी लिहिलं नाही. आकड्यांचा कागद माझ्याच खणात होता. तो जोडला नाही. मी भ्याले होते. दुसरं कारण शोधायला गेले तर सापडेल, पण खरं कारण तेवढंच.

आठ दिवसांत आप्पांना घरी बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. स्टेशन राहिलं, आणि खुर्ची मला मिळाली.

चार्ज द्यायला आले तेव्हा त्यांनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, नियमाचं पुस्तक दिलं, सुतळीचा गुंडा दिला. माझ्या अहवालाची प्रत त्यांच्या पत्राला जोडलेली होती. वाचलीच असणार. मी मान वर करत नव्हते. म्हटलं, "आप्पा, मी..."

"भ्यालीस न्हवं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "भ्यालीस ते बरं केलंस. न भिणारं माणूस ह्या खुर्चीत नगंच. पर आधी कुणाला भ्यायचं, ते तुझं चुकलं पोरी."

पंचा खांद्यावर टाकला आणि चालत गेले. गाडी नको म्हणाले.

याला दोन वर्षं झाली. मी त्यांच्याकडं गेले नाही. रोज विमान वळताना भिंतीपलीकडं त्यांची पट्टी दिसायची आणि बांधावर एक वाळकी आकृती उभी दिसायची, तरी गेले नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

मग परवा सकाळी पत्र आलं. चौथा साहेबही गेला. पाचवा येणार. मी एकटीच वाचत होते, तरी बोटं पेरांवर फिरायला लागली. कुटुंब, सतरा वेळा. पाठोपाठ विभागीय ऑफिसाचा फोन, की लहान स्टेशनांचा पुन्हा विचार होणार, या आठवड्यात एक मिनिट उशीर नको. दुपारच्या विमानाची लोडशीट मी काढली, सही केली, कॅप्टनला दिली, बाकीचं हाताखालच्या मुलीवर सोपवलं आणि तशीच स्कूटर काढली. आप्पांना सांगावं, त्यांनी काहीतरी बोलावं, शिव्या का देईनात. पर्समध्ये पैलवानांच्या आकड्यांचा तो कागद होता. तो त्यांच्या पायाशी ठेवायचा असं ठरवून गेले.

ते बांधावर पाठमोरे उभे होते. आणखी वाळले होते. बांधालगतच्या त्यांच्या घराच्या मागच्या दारात, चुलीवरच्या पातेल्यात चहाचं पाणी तयार होतं, खाली जाळ नव्हता.

"आप्पा, साहेब बदलला."

त्यांनी न वळता हात वर केला. भिंतीपलीकडं विमान धावपट्टीच्या टोकाला येऊन वळत होतं.

"किती हायत?" त्यांनी विचारलं.

"एकसष्ट."

"कसली माणसं?"

मला आकडा आठवत होता. कॉम्प्युटरचा पडदा आठवत होता, हिरवी खूण आठवत होती. माणसं आठवेनात. काउंटरवर कसलातरी मोठा गलका होता, मोठमोठ्या आवाजात हसणं होतं, आणि एकाच रंगाचे पुष्कळ शर्ट डोळ्याच्या कोपऱ्यातून गेले होते. मी मान वर केली नव्हती. मी पत्राचा विचार करत होते.

"बघितलीस न्हवं माणसं?" आप्पा म्हणाले.

हातात फोन होता. टॉवरला एक फोन केला असता तर विमान थांबलं असतं. थांबलं असतं तर परत आणावं लागलं असतं, मिनिटं मोजली गेली असती, आणि कारणापुढं नाव लिहावं लागलं असतं. माझं.

"व्हय, आप्पा," मी म्हणाले.

पंखे गरजले. विमान पळायला लागलं. आमच्या समोरून गेलं तेव्हा चाकं अजून जमिनीवरच होती. रोज इथंपर्यंत येतं तेव्हा उचललेलं असतं का? मला आठवेना. आप्पांच्या हाताखाली आठ वर्षं आणि वर दोन वर्षं मी ते विमान बघत आले, आणि मला आठवेना. मग कधीतरी ते उठलं, जडपणानं उठलं का नेहमीसारखं, देवाला ठाऊक, आणि वर जात जात लहान झालं.

"गेलं," आप्पा म्हणाले. पंच्यानं तोंड पुसलं. चुलीत काटक्या सारल्या, पाणी उकळलं, चहा झाला. दोन कप घेऊन आले आणि एक माझ्यापुढं धरला. मी घेतला आणि बांधावर ठेवला.

"घे की."

"आधी पोचू दे आप्पा," मी म्हणाले. "अजून एक तास हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं, पायापासून वर, सावकाश. मग स्वतःचा कप त्यांनी माझ्या कपाशेजारी ठेवला, आणि विमान गेलं होतं त्या दिशेला तोंड करून पुन्हा उभे राहिले.